ब्रेनच्या मापाचा पाऊच

ब्रिटिश सैन्याच्या १९३७ पॅटर्न वेबिंगमधला, म्हणजे अंगावर चढवायच्या जाड सुती पट्ट्यांच्या साजातला, बेसिक पाऊच रायफलसाठी नव्हे, ब्रेन या हलक्या मशीनगनसाठी बेतलेला आहे. हे एकदा ध्यानात आलं की त्याची उभट, बोजड घडण देखणी वाटू लागते. आधीच्या १९०८ पॅटर्नमध्ये पुढच्या बाजूला दहा छोटे कप्पे होते, प्रत्येकात १५ काडतुसं. ज्याच्या रायफलची शिदोरी त्याच्याजवळ. १९३७ च्या साजात ते दहाही गेले आणि दोन मोठे पाऊच आले. आता साधा रायफलधारी शिपाईही तुकडीच्या सामाईक ब्रेनची बाकदार, ३० गोळ्यांची मॅगझिनं अंगावर वागवू लागला. त्याची स्वतःची काडतुसं पाच कप्प्यांच्या सुती बँडोलियरमध्ये गेली. लढण्याची रीत बदलली ती अशी कापडाच्या मापात उतरली. पुढे स्टेन सबमशीनगनची मॅगझिनं आली तेव्हा पाऊचची उंची वाढली.

खांद्यावरचे पट्टे तर बोटांनीच पाहावेत. खांद्यावर भार पेलणारा भाग रुंद, टोकांकडे निमुळता. उत्तम पट्ट्यात ही रुंदी मागावरच साधलेली असते, शिवण कुठेच लागत नाही. विणकराच्या या करामतीपुढे मला पितळी बकलांची झळाळी फिकी वाटते.

भारतात बनलेल्या वेबिंगची वीण पुष्कळदा विरळ आणि खरबरीत असते. शिक्क्यातल्या सरकारी बाणाखाली रोमन लिपीतला ‘आय’. काही संग्राहक हे भारतीय वेबिंग दुय्यम मानतात. मला ते पटत नाही. युद्धाने एवढी मागणी लादलेली असताना निघालेला हा माल आहे, आणि त्याचं मोल त्या निकडीतच आहे. रणांगणावर ही निकड काय असते, ते एका हकिगतीतून कळतं. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून त्यांनी टॉमी गनच नळीकडून धरून दस्त्याचे घाव घातले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही हकिगत ठाऊक असलेल्या माणसाला पाऊचचं झाकण उघडायला लागणारा तो क्षण नुसता तपशील वाटत नाही.

पाऊच हाती आला तर धुऊ नका. वेबिंगला चोपडायच्या ब्लँको या रंगाच्या थरांवरून तो कसकसा वापरला गेला ते कळतं, आणि पाण्याने झाकणाच्या आतला शिक्काही पुसट होतो. कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडावी, आणि आधी तो शिक्का वाचावा.