आज्ञापत्रांतील वृक्षतोड : एक अर्थविचार

आज्ञापत्राच्या आरमारप्रकरणांतील वृक्षतोडीचा परिच्छेद हल्लीं वनरक्षणाचा जाहीरनामा म्हणून, तोहि थेट शिवछत्रपतींच्या मुखीं घालून, उद्धृत होतो. आम्हांस दोन्ही गोष्टी मान्य नाहींत. ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असून इ. स. १७१५ च्या सुमाराचा आहे. महाराजांचें निधन १६८० चें. त्यांत महाराजांचें धोरण उतरलें असेल, पण तें अनुमान होय.

आतां आशय. सागवानादि लांकूड स्वराज्यांतील अरण्यांतून परवानगीनें तोडावें. आंबा-फणसांस हात लावूं नये, कारण तीं झाडें रयतेनें दीर्घकाळ जपून वाढविलेलीं असतात. एखादें जीर्ण झालेंच तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावें. येथें रक्षण आहे तें रयतेचें. अरण्यांतील मातीविषयीं अक्षर नाहीं.

आणि अरण्याचें पुढील आयुष्य तर तोडीच्या रीतीवरच ठरतें! सह्याद्रीच्या उतारावर सरसकट तोड करून ओंडके ओढीत नेले, तर माती दडपते, ओढीच्या चरांतून पावसाबरोबर वाहून जाते, रोपें चिरडतात. निवडक तोडींत माती झांकलेली राहते. परंतु सागाचें रोप उजेड मागतें, दाट सावलींत खुंटतें. बुंधा जमिनीलगत नीट तोडल्यास मात्र त्याला धुमारे फुटतात. अमात्यांच्या काळीं यांपैकीं कोणती रीत चाले, हें परिच्छेद सांगत नाहीं. टीकाकार मात्र सांगतात.

सोलापुरासारख्या उघड्या मुलखांत, नवी पेठेंत बसून, आम्ही यापुढें जाऊं इच्छित नाहीं. ज्यांच्या संग्रहीं आरमारी लांकडाचे हिशेब असतील, त्यांनीं ओंडक्यांची संख्या व घेर, बैलांची मजुरी आणि तोडीचा महिना एवढ्या नोंदी पाहून प्रसिद्ध कराव्या.