कॉफीवरची मुलाखत नेमकं काय मोजते?

अमेरिकेतल्या काही नामांकित विद्यापीठांत पदवीसाठी अर्ज केला, की तिथले माजी विद्यार्थी तुमची मुलाखत घेतात. बरेचदा एखाद्या कॅफेत. 'गप्पाच तर आहेत, टेन्शन घेऊ नकोस,' असं सांगतात. पण गप्पांनंतर विद्यापीठाला अहवाल जातो!

अशा गप्पांतून माणूस कळतो का? जेसन डेना आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा प्रयोग बघा. काही विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांशी बोलून त्यांच्या सत्राच्या गुणांचा अंदाज बांधायचा होता. गंमत म्हणजे, ज्यांना ते भेटलेच नव्हते, पण ज्यांचे आधीचे गुण माहीत होते, त्यांच्याबद्दलचे अंदाज जास्त बरोबर निघाले. काही मुलाखतींत तर उत्तरं चक्क एका अर्थहीन नियमाने दिली जात होती. एकाही मुलाखतकाराला पत्ता लागला नाही.

गुण म्हणजे स्वभाव नव्हे, हे मान्य. पण स्वभाव जोखायचा तर सगळ्यांना तेच प्रश्न आणि तोच निकष हवा. नाहीतर कॅफेत सहज वावरणारी मुलगी 'आत्मविश्वासू' ठरते आणि तिथे पहिल्यांदाच पाऊल ठेवणारा मुलगा 'बुजरा'. मोजली जाते ती फक्त कॅफेची सवय.