जनरल पॅटन यांची कविता व पुनर्जन्म

अमेरिकन सेनापती जॉर्ज पॅटन (१८८५-१९४५) एपिस्कोपल मंडळीचे सभासद होते. तरी आपण पूर्वीच्या अनेक युगांत लढलो व मेलो, अशी त्यांची श्रद्धा होती. ती मांडणाऱ्या त्यांच्या १९२२ मधील कवितेचे शीर्षक मात्र करिंथकरांस पहिल्या पत्रातले (१३:१२) आहे. तीतील योद्धा म्हणतो, प्रभूच्या कुशीत भाला कदाचित आपणच भोसकला असेल. पुढील जन्मांत मरताना प्रभूचे नाव घेतल्याचेही तो सांगतो. पण त्या भाल्याविषयी अनुताप नाही.

आमचा आक्षेप येथेच आहे. कर्मविचारात कृत्याचे फळ चुकत नाही. ख्रिस्ती विचारात पश्चात्ताप व क्षमा आहे. या कवितेत दोन्ही नाहीत. तुकोबांनीही मुक्तीऐवजी जन्म पत्करला, परंतु नामासाठी व संतसंगासाठी. हा योद्धा पुढील प्रत्येक जन्म युद्धासाठीच पाहतो.

हा प्रश्न परदेशी कवितेपुरता नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात सैनिकाच्या घरी सांत्वनास जाणाऱ्या पाळकाने काय सांगावे? मनुष्यास एकदाच मरणे आहे (इब्री ९:२७). म्हणूनच गेलेल्या त्या एका जिवाचे मोल दुसऱ्या कोणत्याही जन्माने भरून निघत नाही.