तज्ज्ञ ग्राहक आणि विक्रीचे गद्य

जाहिरातीचा मजकूर हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, ही कल्पना आपल्याकडे सहसा गंभीरपणे घेतली जात नाही. तथापि तांत्रिक वस्तू जाणत्या माणसास विकण्यासाठी लिहिलेले गद्य हा एक स्वतंत्र प्रकार असून त्याचा विचार होणे अगत्याचे आहे. येथे वाचक लेखकाइतकाच, किंबहुना पुष्कळदा त्याहून अधिक, विषयज्ञ असतो. आजचा सॉफ्टवेअर डेव्हलपर हा अशा वाचकाचा ठळक नमुना होय. विशेषणांनी तो भुलत नाही. उलट प्रत्येक विशेषणागणिक त्याचा संशय वाढतो. मग त्याचे मन वळवावयाचे कसे?

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. 1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होईल, असा शेतकऱ्यांचा आक्षेप होता. आक्षेप चुकीचा खरा. पण तो घेणारा अडाणी होता असे मानणे अन्यायाचे ठरेल. जमीन बिघडली असती तर नुकसान त्याचेच होते. नांगराविषयीचे अंतिम प्रामाण्य कारखानदाराकडे नसून नांगर धरणाऱ्या हाताकडे होते. पुढे 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. या पत्राची वाङ्मयीन कामगिरी आपण आवर्जून सांगतो. परंतु कारखान्याने ग्राहकाशी बोलण्यासाठी ते काढले होते, हे विसरतो. ग्राहकास आधी वाचक मानणे, हाच त्यातील महत्त्वाचा विचार होय.

याच विचाराचे अर्वाचीन रूप मुंबईच्या ‘ब्राउझरस्टॅक’ या कंपनीत पाहावयास मिळते. रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी ती 2011 साली स्थापन केली. एकच संकेतस्थळ निरनिराळ्या ब्राउझरांवर आणि मोबाइल संचांवर नीट दिसते की नाही, हे तपासण्याची सोय ती पुरवते. डेव्हलपरला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. ती तो रोज भोगत असतो. म्हणून विक्रेत्याने वर्णन आवरून वस्तूच त्याच्या हाती दिली. मुक्तस्रोत प्रकल्पांना विनामूल्य वापर मिळाला. 2013 साली मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने इतरांनाही तीन महिने मोफत वापराची संधी देण्यात आली. 2018 पर्यंत कंपनीने बाहेरचे भांडवल घेतले नव्हते. अशा व्यवहारात वापरपुस्तिका हीच खरी जाहिरात ठरते. तिच्यातील एखादे उदाहरण जसेच्या तसे चालवून पाहिले आणि ते चालले नाही, तर पुढील सारे वक्तृत्व व्यर्थ होय.

येथवर या पद्धतीचा गौरव करणे सोपे आहे. परंतु ‘वापरून पाहा’ हे आवाहनही पूर्णतः निष्पक्ष नसते. वापराची सवय जडते आणि सवयीलाच आपण पसंती समजू लागतो. शिवाय वापरणारा एक व पैसे देणारा दुसरा, ही स्थिती कचेऱ्यांत सार्वत्रिक आहे. जेफ लॉसन यांच्या 2021 सालच्या पुस्तकाचे ‘आस्क युवर डेव्हलपर’ हे शीर्षक मालकालाच उद्देशून आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तज्ज्ञाच्या शब्दाचा मान ठेवणे आणि त्याला विनावेतन दलाल बनवणे यांतील रेषा फार पुसट आहे.

तेव्हा या गद्याची कसोटी कोणती? कल्याण–कसारा मार्गावरील खडवलीचे उदाहरण घेऊ. देशावरच्या काळ्या जमिनीत हराळी-कुंदा खोलवर उपटणारा नांगर हे उत्तम साधन. परंतु भातसेकाठच्या भातखाचरात, चिखलणीच्या वेळी, तो त्याच गुणामुळे उपयोगी पडेलच असे नाही. खडवलीच्या शेतकऱ्याने त्याला नकार दिला तर तो अज्ञानाचा म्हणता येणार नाही. त्याच गावातून सकाळच्या लोकलने ठाण्या-मुंबईस जाणाऱ्या डेव्हलपरचा नकारही असाच साधार असू शकतो. म्हणून आपली वस्तू कोठे उपयोगी नाही, हे जे गद्य स्वतः होऊन सांगते, तेच जाणत्या वाचकाच्या विश्वासास पात्र होय.

विक्रीचे बहुतेक लेखन या कसोटीस उतरत नाही. मर्यादा सांगितली की गिऱ्हाईक जाईल, ही भीती त्याच्या मुळाशी असते. वस्तुतः लपविलेली मर्यादा जाणत्यास पहिल्याच वापरात कळते आणि मग गिऱ्हाइकाबरोबर विश्वासही जातो.