खानदेशातील वनवृक्ष आणि उताराची दिशा : एक चिकित्सा

चॅम्पियन व सेठ यांचे भारतीय वनप्रकारांचे सुधारित सर्वेक्षण १९६८ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडील वनाभ्यास आजही बहुतांशी त्याच चौकटीत चालतो. त्या ग्रंथाचे ऋण मान्य करूनच खानदेशापुरती एक शंका येथे मांडावयाची आहे.

शुष्क पानझडी वनांत सालई व अंजन यांची वने या वर्गीकरणाने मृत्तिकाजन्य प्रकार म्हणून वेगळी काढली आहेत. यावल, रावेर, चोपडा व शिरपूर या तालुक्यांतील सातपुडा ज्याने पाहिला आहे त्याला यात तथ्य आढळेल. उथळ, मुरमाड जमिनीत अंजन तग धरतो, खडकाळ उतारावर सालई उभी राहते, तर सागाला खोल व निचऱ्याची माती मानवते. परंतु ती माती उथळ का राहिली, हा प्रश्न ‘मृत्तिकाजन्य’ या शब्दाने सुटत नाही. तो झाकला मात्र जातो. ज्या अंगावर ऊन अधिक पडते तेथे ओल लवकर आटते, झाडोरा विरळ होतो आणि उघडी माती पावसात वाहून जाते. म्हणजे जिला आपण कारण समजतो ती माती अंशतः उताराचेच कार्य होय.

तथापि, युरोपातील बीच वृक्षाचा नियम जसाच्या तसा उचलणेही योग्य नव्हे. त्या खंडाच्या दक्षिण भागात बीच उत्तराभिमुख उतारांचा व उंचीचा आश्रय घेतो. फार उंचावर थंडी त्याची वाढ खुंटविते. जळगाव २१ उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, जूनमध्ये तर किंचित उत्तरेकडे कलतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दिशाभेद फारसा उरत नाही. डिसेंबरात मात्र सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशच वर येतो. तेव्हा दिशेचा परिणाम शोधावयाचा तो पावसाळ्यानंतर, ओल आटण्याच्या महिन्यांत. उंचीचेही तसेच. पाचशे मीटर चढल्यास तापमान साधारणतः तीन अंशांनी उतरते. त्याने येथे थंडीची मर्यादा येत नाही, ओल काही दिवस अधिक टिकते इतकेच.

सातपुड्याचा दक्षिण उतार व चाळीसगावजवळील अजिंठा डोंगराचा उत्तर उतार यांची तुलना मोहक वाटली तरी ती फसवी आहे. दोन्हीकडचा पाऊस, चराई व तोड सारखी नाही. एकाच डोंगराच्या दोन अंगांवरील, समान उंचीवरचे साग निवडावेत. सागाच्या खोडात वार्षिक वलये उमटतात आणि ती मोजता येतात.

हा वाद केवळ नावाचा नाही. दोन्ही अंगांवर एकाच जातीची रोपे लावली, तर एका अंगावरची रोपे पहिल्याच उन्हाळ्यात गमावण्याचा धोका असतो. वर्गीकरणाने वन ओळखता येते. ते पुन्हा उभे करावयाचे असेल, तर उतारावरील ओल किती दिवस टिकते हेच प्रथम विचारले पाहिजे.