मित्राचा भाचा आणि मुकुट

'छबिलदास'विषयी आपण इतकं हळवं बोलतो, की गल्लीतल्या वड्याची चव आणि आतल्या नाटकाची चव वेगळी काढता येत नाही. १९७४ पासून 'आविष्कार'ने दादरच्या त्या शाळेच्या सभागृहात प्रयोग केले. नट अगदी समोर, हाताच्या अंतरावर. जवळ बसलं की नाटक भिडतं, हे आमच्या पिढीने तेव्हापासून गृहीत धरलं.

आम्हाला ते पटत नाही. अभिनवगुप्त रसाची सात विघ्नं सांगतो. त्यातलं एक असं, की समोरचं सुखदुःख अमक्या एका माणसाचं वाटू लागणं. त्यावर उपाय? पूर्वरंग, वेष, मुकुट. म्हणजे नट झाकायचा. छोट्या नाट्यगृहात नेमकं हेच अवघड. समोर राजा नसतोच, मित्राचा भाचा असतो! तो अडखळला की आपणच ओशाळतो, आणि प्रयोग संपल्यावर जिन्यात 'छान झालं हं' म्हणून सुटतो. याला दाद कशी म्हणायची? हा शेजारधर्म झाला.

आता बादल सरकारांचं 'जुलूस' घ्या, अमोल पालेकरांनी मराठीत केलेलं. अंतर तिथेही नाही. पण नटांचा घोळका सारखा मिरवणूक होत राहतो आणि भाचा त्यात हरवतो. मुकुटाचं काम तिथे गर्दी करते. आजही पन्नास खुर्च्यांच्या खोलीत शिरलो, की भाचा दिसेनासा कधी होतो याकडेच आमचं लक्ष असतं. कधी दहा मिनिटांत होतो. कधी शेवटपर्यंत नाही, आणि मग जिन्यात आम्ही गप्प उतरतो.