आवड पुरेशी नसते: ‘मोदक’ फॉन्टच्या निमित्ताने

स्वतःच्या आवडीतून ग्राफिक डिझाइनचा प्रकल्प कसा आखावा, हा आजचा विषय. आम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, ब्रश आमच्या हातात शोभत नाही. पण ‘आवड’ या शब्दाची झडती घेणं हा आमचा जुना धंदा. तेव्हा एखादं प्रत्यक्ष काम समोर ठेवूनच बोलू.

कांटने 1790 च्या ग्रंथात एक भेद केला आहे. उकडीचा मोदक मला आवडतो, म्हटलं की विषय संपला. तुम्हाला नसेल आवडत तर नसो. पण एखादी गोष्ट सुंदर आहे, असं मी म्हणतो, तेव्हा तुम्हीही मान्य करावं अशी माझी अपेक्षा असते. म्हणजे ‘मला आवडतं’ पासून ‘तुम्हीही बघा’ पर्यंत एक वाट आहे. प्रकल्पाचा आराखडा म्हणजे ती वाट.

आता ‘एक टाइप’ या गटाचा ‘मोदक’ हा देवनागरी फॉन्ट घ्या. तो मुक्त परवान्याचा आहे, कोणालाही मोफत वापरता येतो. नावातच आवड आहे, आणि अक्षरंही तशीच गुबगुबीत. पण आम्हाला तो मोलाचा वाटतो तो गोडव्यासाठी नाही. त्यामागे एक नेमका प्रश्न आहे: देवनागरी अक्षर किती जाड होऊ शकतं? जाडी वाढली की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा आटते. इथे ती बारीक रेघेपुरती उरते, आणि अक्षर त्या रेघेवर ओळखू येतं. आवडीचं रूपांतर प्रश्नात झालं, ते इथे.

आमचा आक्षेपही सांगतो. आकार लहान केला की त्या रेघा बुजतात. जोडाक्षरांत जाडी आणि वाचनीयता एकमेकींच्या जिवावर उठतात. शिवाय हे हसरं रूप मिठाईच्या पाटीला शोभेल, श्रद्धांजलीच्या फलकाला नाही. पण हा दोष फॉन्टचा कमी आणि कुठेही तो चिकटवणाऱ्याचा जास्त. मोठ्या मथळ्यासाठी केलेलं काम त्याच मापाने जोखावं. काय करायचं नाही हे ठरवणं, हा आराखड्याचा अर्धा भाग असतो.

दुसरं उदाहरण अच्युत पालव यांचं. जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकलेल्या या सुलेखनकाराला मोडीचं वेड. पण ते मोडीची सुंदर पानं गिरवत बसले नाहीत. त्यांनी लिपीचा अभ्यास केला, लेखणी न उचलता धावणारं ते वळण देवनागरीशी जोडलं, आणि ‘मुक्तलिपी’ उभी केली. आधी अभ्यास, मग वळण, मग स्वतःचं काही. हा क्रम उलटा केला की नक्कल उरते.

आता तळवड्याकडे या. इथून देहू-आळंदी रस्ता जातो, एका अंगाला सॉफ्टवेअर पार्क, दुसऱ्या अंगाला लहान वर्कशॉप. इथल्या मुलाला ‘तुझी आवड काय’ विचारलं की बहुधा उत्तर येतं, ‘विठ्ठल’. छान. पण मग तीच टाळ-मृदंगाची सावली, तोच भगवा, तेच कमरेवरचे हात. भक्ती खरी, चित्र मात्र उसनं! त्याऐवजी एवढंच ठरवा: ‘विठ्ठल’ या शब्दातलं ‘ठ्ठ’. ते एकाखाली एक लिहायचं की शेजारी? दुरून, चालत्या गाडीतून ते वाचता येईल का? शटरवर रंगवलेल्या पाट्यांत पेंटरने ते कसं सोडवलंय? अशा वीस पाट्या बघा, वहीत उतरवा, तीन महिन्यांची मुदत घाला. शेवटी एकच फलक करा आणि तो रस्त्यावरच्या माणसाला दाखवा.

काही जण म्हणतील, सर, आवडीला एवढं बांधलं तर ती मरेल. आम्हाला तसं वाटत नाही. दिवसभर कंपनीत दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे काम करणाऱ्याला स्वतःचं असं हेच एक काम असतं. ते अर्धवट राहिलं तर ‘आपल्यात काही नव्हतंच’ असं तो धरून चालतो. आराखडा त्याला त्यातून वाचवतो. काम पूर्ण होतं, मग ते बरं की वाईट, यावर बोलता येतं. नुसत्या आवडीवर कोणी काय बोलणार?

इथे थांबतो. आता प्रश्न विचारा.